शमूचा बाप्तिस्मा

राग वयाबरोबर निवळतो म्हणतात. असं म्हणणाऱ्यांचा राग मुळातच पातळ असावा. माझा निवळला नाही. आज अँटॉप हिलच्या या घरात गॅलरीत बसून लिहिते आहे, गुडघे दुखतात, डाव्या कानाने कमी ऐकू येतं, सकाळी न चुकता बीपीची गोळी घेते, पण लालबागच्या चाळीतली ती एक दुपार आठवली की अजून तळपायाची आग मस्तकाला जाते. चाळीतली पोरं मला ‘इस्तरी’ म्हणायची. एस्तेर हे नाव त्यांच्या तोंडात नीट बसत नव्हतं, आणि मी तापायचेही लगेच. आमच्या मजल्यावर बाकी सगळी कोकणातली बिऱ्हाडं, समोरच्या इमारतीत बरीचशी बौद्ध घरं, आणि मधोमध आमचं एकच ख्रिस्ती घर. नाताळात आमच्याकडच्या करंज्या आणि नानकटाई साऱ्या मजल्यावर फिरायची, गणपतीत शेजारची ताटं भरभरून आमच्याकडे यायची. त्यामुळे ‘तुमचा देव वेगळा’ हे मला पंधराव्या वर्षापर्यंत कुणी सांगितलं नव्हतं. देव म्हणजे काय हे मात्र मला फार बारकाईने शिकवलं गेलं होतं, आणि ज्याने शिकवलं त्याच माणसावर माझा राग आहे.

रे रोडला लाकडाच्या वखारीत बाबा कामाला होते. आलेल्या ओंडक्यांची आणि फळ्यांची मापं घ्यायची, खडूने आकडे मारायचे, हेच त्यांचं काम. घरी आले की त्यांच्या शर्टाच्या खिशातून भुसा पडायचा आणि आई रोज कटकट करून तो झाडायची. खोलीला सागाचा वास, सुक्या बोंबलांचा वास आणि स्टोव्हच्या रॉकेलचा वास, असे तिन्ही एकत्र असायचे. बाबा अबोल. वखारीचा शेठ, चाळीचा मालक, चर्चचे पंच, सगळ्यांपुढे त्यांची मान खाली. नगरकडून आलेल्या गरीब घरातला माणूस, शहरात मिशनच्या ओळखीने उभा राहिला, त्यामुळे पाळकसाहेबांचा शब्द त्यांना शेठच्या शब्दाहून मोठा. आई मात्र तोंडाची खमकी होती. शेजारच्या सावंतमामींशी तिचं दिवसातून दोनदा भांडण व्हायचं आणि तीनदा समेट.

त्या वर्षी माझं दृढीकरण व्हायचं होतं. आमच्यात तान्हेपणी बाप्तिस्मा होतो, तेव्हा आपल्या वतीने मोठी माणसं वचनं देतात. मग वयात आल्यावर बिशप येतात, आपण ती वचनं स्वतःच्या तोंडाने देतो, आणि तिथून पुढे प्रभुभोजनाची भाकर आपल्या हातावर पडते. त्यासाठी दर शनिवारी दुपारी चर्चच्या मागच्या खोलीत पाळकसाहेब आमचा वर्ग घ्यायचे. साहेबांनी हाताने लिहून सायक्लोस्टाइल केलेली प्रश्नोत्तरांची पानं होती, जांभळी शाई बोटांना लागायची. ख्रिस्त केव्हापासून आहे? अनादि काळापासून. तो बेथलेहेमात जन्मला तेव्हा त्याचा आरंभ झाला काय? नाही, तेव्हा त्याने देह घेतला. जग नव्हतं तेव्हाही तो होता. पुत्र पित्यापेक्षा कमी आहे काय? नाही, तो पित्याइतकाच देव आहे, आणि जिथे पुत्र आहे तिथे पिताही आहे.

हे सगळं आम्ही पोपटासारखं घोकलं असतं, पण मान्य करायला हवं, पाळकसाहेब शिकवायचे सुंदर. उंच, गोरे, चष्मा नाकावर घसरलेला, आवाज मऊ. एकदा भर दुपारी त्यांनी खिडकी लावून घेतली आणि मेणबत्ती पेटवली. ‘आधी ज्योत आली आणि उजेड मागून आला, असं झालं का?’ त्यांनी विचारलं. आम्ही नाही म्हणालो. ‘ज्योत आहे म्हणून उजेड आहे, हे खरं. पण ज्योत होती आणि उजेड नव्हता असा एक क्षण दाखवा मला.’ आम्हाला दाखवता आला नाही. ‘पिता आणि पुत्र असे आहेत,’ ते म्हणाले. ‘पुत्र नव्हता अशी वेळच नव्हती.’ माझ्या अंगावर काटा आला. पंधरा वर्षांच्या पोरीला इतकी मोठी गोष्ट कुणीतरी विश्वासाने हातात दिली होती. मी त्या माणसाला देवाखालोखाल मानू लागले, आणि हे मी लपवून ठेवणार नाही, कारण त्याशिवाय पुढचा राग कुणाला कळायचा नाही.

आईला तेव्हा सातवा महिना होता. माझ्यानंतर पंधरा वर्षांनी. चाळीत थोडी थट्टा झाली, मग सावंतमामींनी सगळ्यांची तोंडं बंद केली. संध्याकाळी आई भाकऱ्या थापायची आणि मी तिच्यासमोर पाटावर बसून प्रश्नोत्तरं म्हणायचे. एकदा तिचा हात मध्येच थांबला. ‘म्हणजे मरियेच्या पोटात यायच्या आधीपण तो होताच?’

‘होता. जगाच्या आधीपासून.’

‘अगं बाई!’ आईने पिठाचे हात कमरेवर ठेवले आणि स्वतःच्या पोटाकडे पाहिलं. ‘हा सात महिन्यांचा मला उचलवत नाही. तिने तर जगापेक्षा म्हातारं लेकरू उचललं. केवढं वजन झालं असेल गं तिला!’

आम्ही दोघी इतक्या हसलो की भाकरी करपली. पुढे मी या विषयावर पुष्कळ प्रवचनं ऐकली, मोठमोठ्या माणसांची. आईच्या त्या वाक्याच्या जवळपास कुणी गेलेलं मला आठवत नाही.

मुलगा झाला, दिवस भरायच्या आधीच. बारीक, लालसर, रडणं मांजराच्या पिल्लाएवढं. दवाखान्यातून सहाव्या दिवशी घरी आणला. नाव ठरलेलं होतं, शमुवेल. पण बाप्तिस्म्याआधी नाव बाहेर सांगायचं नाही असा आमच्या घरचा रिवाज, म्हणून घरातल्या घरात आम्ही कुजबुजत ‘शमू’ म्हणायचो. सावंतमामी सकाळ-संध्याकाळ आईसाठी पेज आणायच्या आणि बाळाला बघून तोंड फिरवायच्या. त्यांना दिसत होतं. बाबांनाही दिसत होतं. ते वखारीतून अर्धी रजा काढून पाळकसाहेबांकडे गेले, मी सोबत होते. बाबा चप्पल बाहेर काढून दारातच उभे राहिले.

‘साहेब, लेकरू नाजूक आहे. येत्या रविवारी बाप्तिस्मा घेतला तर बरं होईल.’

‘साळवे, बाप्तिस्मे महिन्याच्या पहिल्या रविवारी होतात. मंडळीसमोर,’ पाळकसाहेब म्हणाले. ‘तुम्हाला सूट दिली की उद्या दहा जण दारात उभे राहतील. दोन आठवड्यांचा तर प्रश्न आहे. प्रभूवर विश्वास ठेवा.’

‘बरं साहेब,’ बाबा म्हणाले. जिना उतरेपर्यंत ते एक अक्षर बोलले नाहीत. आणि मीही बोलले नाही, कारण साहेब म्हणतात म्हणजे तसंच असणार. माझ्या त्या गप्प बसण्याचाही मला राग येतो.

चार दिवसांनी, तो रविवार उलटून गेल्यावर, दुपारी. बाबा वखारीत. आई तापाने अंथरुणावर, ग्लानीत. शमूचे ओठ निळे पडले. मी दारातून ओरडले तशा सावंतमामी आल्या, एकदा बघितलं, आणि ‘डॉक्टराक घेऊन येतंय, पोराक खाली ठेव नको’ म्हणत अनवाणी धावल्या. मी त्याला मांडीवर घेऊन बसले. त्याची छाती हलायची, थांबायची, हलायची. आणि मला वर्गातलं एक वाक्य आठवलं. जीव धोक्यात असेल आणि पाळक जवळ नसेल, तर कुणीही विश्वासी माणूस पाणी घेऊन बाप्तिस्मा देऊ शकतो. पिंपावर तांब्या होता. मी ओंजळीत पाणी घेतलं, त्याच्या कपाळावर घातलं, आणि तोंडातून निघालं ते असं निघालं: ‘शमुवेल, प्रभू येशूच्या नावाने मी तुझा बाप्तिस्मा करते.’ पाण्याने तो जरासा दचकला. मग दचकला नाही. मामी डॉक्टरांना घेऊन आल्या तेव्हा मी त्याचं कपाळ पदराने पुसत होते, म्हणजे आईच्या पदराने. हाताशी तोच पदर होता.

संध्याकाळी पाळकसाहेब आले. मी रडत होते, पण आत कुठेतरी मला धीर होता, खरं सांगायचं तर अभिमान होता. मी त्यांना म्हणाले, ‘साहेब, त्याचा बाप्तिस्मा झाला. मी केला. तुम्ही शिकवलं होतं तसा.’

त्यांनी चष्मा वर सरकवला. ‘कुठले शब्द म्हणालीस?’

मी सांगितले. जसे म्हटले होते तसे, एकही शब्द कमी-जास्त न करता. खोटं बोलायचं मला सुचलंच नाही.

‘फक्त पुत्राचं नाव?’ ते म्हणाले. ‘पिता नाही, पवित्र आत्मा नाही?’ आणि त्याच मऊ आवाजात, ‘मग तो बाप्तिस्मा झाला नाही, बेटा. त्रैक्याचं नाव घ्यावं लागतं. आणि बाप्तिस्मा नसलेल्यावर मला दफनविधी वाचता येत नाही. मी इथे घरी प्रार्थना करून जातो.’

आई भिंतीकडे तोंड करून पडली होती. तिचा खांदा हलला, एवढंच. दारात उभ्या असलेल्या सावंतमामींना यातलं निम्मं कळलं असेल, पण निम्मं पुरेसं होतं. ‘पोरीन पाणी घातल्यान, देवाचा नाव घेतल्यान,’ त्या म्हणाल्या. ‘आणि काय होया? देव काय शब्द मोजीत बसता?’ पाळकसाहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. त्यांनी कबरस्तानासाठी चिठ्ठी लिहिली. ‘साळवे यांचे बालक. बाप्तिस्मा न झालेले.’ बाबांनी ती दोन्ही हातांनी घेतली आणि ‘आभारी आहे, साहेब’ म्हणाले.

पेटी बाबांनीच केली. वखारीतून सागाच्या तीन फळ्या मागून आणल्या. आयुष्यभर दुसऱ्यांच्या लाकडाची मापं घेतलेला माणूस, त्याने शमूचं माप घ्यायला टेप काढली आणि ती परत खिशात टाकली. हाताच्या वितीनेच मोजलं. सकाळी शिवडीच्या कबरस्तानात बाबा, मी, सावंतमामा आणि समोरच्या इमारतीतले कांबळेकाका, असे चौघे गेलो. बाबांना विधीतलं जेवढं पाठ होतं तेवढं त्यांनी म्हटलं, मध्ये अडकले, पुन्हा मागून सुरुवात केली. मामा आणि काकांनी चपला काढून माती लोटली. बाबांनी उरलेल्या लाकडाचा क्रूस करून त्यावर नाव कोरलं होतं. तोही टिकला नाही, लहान मुलांच्या जागा तिथे काही वर्षांनी दुसऱ्यांना देतात. म्युनिसिपालटीच्या कागदावर फक्त ‘पुरुष बालक’. म्हणजे शमुवेल या नावाचा मुलगा होऊन गेला, हे जगात कुठेच लिहिलेलं नव्हतं.

पुढचे आठवडे घरात स्टोव्हचाच काय तो आवाज. आईचं दूध आटत नव्हतं, ती मोरीत बसून पिळून टाकायची. भांडण नाही, कटकट नाही. बाबांच्या शर्टातला भुसा जमिनीवर तसाच पडून राहायचा. एकदा मी तिचे केस विंचरत होते, तेव्हा ती अगदी हळू म्हणाली, ‘सगळं म्हटलं असं सांगायचंस गं. कोण बघायला आलं होतं?’ पुन्हा तिने तो विषय कधी काढला नाही. पण ते वाक्य माझ्या बरगडीत आहे. तिचा माझ्यावर राग नव्हता, हे मला माहीत आहे. तिला फक्त आपलं लेकरू कुणाच्या तरी यादीत हवं होतं, आणि मी खरं बोलून त्याला यादीबाहेर ठेवलं होतं.

मी वर्गाला जात राहिले. का, ते विचारू नका; कदाचित चूक सापडेल म्हणून. जांभळी पानं मी नव्याने वाचायला लागले आणि अंगाचा तिळपापड व्हायला लागला. पुत्र पित्याइतकाच देव. जिथे पुत्र तिथे पिता. ज्योत होती आणि उजेड नव्हता असा क्षण नाही. मग मी पुत्राला हाक मारली तेव्हा पिता कुठे गेला होता? ज्याला आरंभ नाही आणि अंत नाही, त्याच्या घरी आमच्या शमूसाठी एक अलीकडचा रविवार निघाला नाही. आणि ज्याने तो काढला नाही, तोच मला सांगत होता की माझे शब्द कमी पडले.

बिशप येण्याच्या आधीच्या रविवारी मंडळीसमोर मुलांची तोंडी परीक्षा व्हायची. आम्ही नऊ जण वेदीपुढे रांगेत, डावीकडे बायका, उजवीकडे पुरुष, पांढऱ्या झग्यात पाळकसाहेब. प्रश्न आधी वाटून दिलेले असायचे, म्हणजे कुणाची फजिती नको. मला दहा आज्ञा दिल्या होत्या. माझ्या शेजारी दाऊद नावाचा मुलगा होता, त्याला विचारलं, ‘पुत्र पित्यापेक्षा कमी आहे काय?’ दाऊद ‘नाही’ म्हणाला आणि पुढचं विसरला. घाम फुटला त्याला. बाकं हसू दाबत होती.

‘पुत्र पित्याइतकाच देव आहे,’ मी म्हणाले. ‘जगाच्या आधीपासून तो पित्याबरोबर आहे. आणि जिथे पुत्र आहे तिथे पिताही आहे.’

‘बरोबर. पण हा प्रश्न तुझा नव्हता,’ पाळकसाहेब म्हणाले.

‘माझाच आहे. हे खरं असेल तर माझ्या भावाचा बाप्तिस्मा झाला. खोटं असेल तर आम्हाला शिकवता कशाला?’

एक पंच उठून म्हणाले, ‘साळवे, मुलीला आवरा.’ बाबा उभे राहिले. मला वाटलं, आता माफी मागणार. त्यांचे हात बाकाच्या कडेवर होते, बोटांच्या भेगांत खडू मुरलेला. ‘तिला बोलू द्या, साहेब,’ ते म्हणाले. ‘मी त्या दिवशी बोललो नाही. ती तरी बोलू दे.’ बाबांनी कुणासमोर मान वर केलेली मी तेव्हा पहिल्यांदा आणि शेवटची पाहिली.

पाळकसाहेब गोरेमोरे झाले. ‘देवाचा नियम बदलणं माझ्या हातात नाही.’

‘पहिल्या रविवारचा नियम तरी देवाचा होता का?’ मी विचारलं.

त्यांनी पुस्तक मिटलं आणि गीत सुरू करायला सांगितलं. पुढच्या रविवारी आठ जणांचं दृढीकरण झालं. माझं झालं नाही, आजतागायत झालेलं नाही. नंतर मी स्वतः शास्त्र वाचलं, तेव्हा कळलं की पहिल्यावहिल्या शिष्यांनी नुसत्या येशूच्या नावाने बाप्तिस्मे दिल्याचं तिथेच लिहिलेलं आहे. हे पाळकसाहेबांना माहीत नव्हतं असं मी मरेपर्यंत मानणार नाही. लोक म्हणतात, तुझा विश्वास उडाला. तो उडाला असता तर एवढा राग कशाला आला असता! मी तर त्यांनी शिकवलेलं अक्षर न् अक्षर खरं मानून बसले आहे.

आई मात्र चर्चला जात राहिली. दर पहिल्या रविवारी प्रभुभोजनाच्या रांगेत उभी राहायची, ओंजळ पुढे करायची, पाळकसाहेब तिच्या हातावर भाकरीचा तुकडा ठेवायचे. अशी नऊ वर्षं. मग ती गेली. बाबा तिच्यामागोमाग. पाळकसाहेब निवृत्त झाले, तेही गेले.

गेल्या वर्षी मला आईच्या कबरीत माझ्यासाठी जागा राखून ठेवायची होती. त्यासाठी चर्चचं पत्र लागतं आणि पत्रासाठी बाप्तिस्म्याची नोंद. नवा पाळक माझ्या मुलाच्या वयाचा आहे, चांगला आहे. त्याने कपाटातून जुनं रजिस्टर काढून दिलं आणि स्वतः लॅपटॉपवर पत्र टाइप करत बसला. माझी नोंद सापडली. पान मिटण्याऐवजी मी पुढे चाळत गेले. शमूच्या सालाचं पान आलं. दोन नोंदींच्या मधल्या चिंचोळ्या जागेत, वेगळ्या शाईने, बारीक अक्षरात एक ओळ कोंबून लिहिली होती. ते अक्षर मी जांभळ्या पानांवरून ओळखत होते. नाव: शमुवेल साळवे. आणि शेवटच्या रकान्यात, जिथे बाप्तिस्मा देणाऱ्याचं नाव लिहितात तिथे: एस्तेर, बहीण. कडेला नोंद केल्याची तारीख होती. आमच्या तोंडी परीक्षेनंतरचा सोमवार.

नव्या पाळकाने वाकून पाहिलं, मी हकिकत सांगितली. त्याचे डोळे भरून आले. ‘किती छान, मॅडम,’ तो म्हणाला. ‘म्हणजे त्यांना तुमचं पटलं होतं.’

मी त्या बिचाऱ्यावर ओरडले. पटलं होतं! पटलं होतं, दुसऱ्याच दिवशी पटलं होतं, आणि त्यांनी ते कपाटात ठेवून कुलूप लावलं. पंचांपुढे चूक कबूल करायला नको म्हणून. आणि त्यानंतर नऊ वर्षं, दर महिन्याला, त्यांनी माझ्या आईच्या ओंजळीत भाकर ठेवली. ‘नाव लिहिलंय, बाई.’ एवढं म्हणायला किती वेळ लागतो? नकाराला मी एक वेळ माफ केलं असतं. माणूस नियमाला घाबरतो, मीही जिन्यात गप्प बसले होते. पण ही गोष्ट मी माफ करणार नाही, आणि जगाच्या आधीपासून जो आहे त्याला माझ्या माफीची घाई नसावी.

मग मी डोळे पुसले आणि शमूच्या बाप्तिस्म्याचा दाखला मागितला. सहीशिक्क्याचा. तो पिशवीत घालून टॅक्सीने थेट शिवडीला गेले. आईच्या कबरीशी उभी राहिले आणि दाखला मोठ्याने वाचला, मथळ्यापासून शिक्क्यापर्यंत, माझ्या नावासकट. मग पुन्हा एकदा वाचला. आवाज ऐकून रखवालदार आला.

‘बाई, जरा हळू,’ तो म्हणाला.

मी तिसऱ्यांदा वाचला.